नगावर घ्यावा की वजनावर

पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात मालाला हात लावल्याशिवाय कुणी भाव बोलत नाही. टोमॅटोचं क्रेट समोर आलं की घेणारा वरच्या थराकडे बघतसुद्धा नाही, त्याचा हात सरळ तळाशी जातो. वरचा थर निवडून लावलेला असतो हे देणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि घेणाऱ्यालाही, त्यामुळे त्यात कुणी कुणावर रागावत नाही. कांदा दाबून बघतात, कलिंगड टिचकी मारून ऐकतात, गुळाच्या ढेपेचा खडा जिभेवर ठेवतात. आमच्या भुसाराकडे हळकुंड मोडतात. कट्‌कन मोडलं तर माल वाळलेला, नुसतं वाकलं तर गिऱ्हाईक पुढच्या गाळ्यावर. मिरचीच्या पोत्याला तर काही करावंच लागत नाही. तोंड उघडलं की शेजारचे तीन गाळे शिंकून अभिप्राय देतात. मी एका मसाल्याच्या गाळ्यावर दिवाणजी आहे. उधारी लिहितो, वसुलीचे फोन करतो आणि उरलेल्या वेळात माणसं माल कशी पारखतात ते बघतो. उरलेला वेळ बराच असतो.

याच यार्डाच्या फाटकाबाहेर संध्याकाळी एक हातगाडी लागते ती पहाटेपर्यंत हलत नाही. टॉर्च, डोक्याला बांधायचे दिवे, चार्जर, मोबाइलची कव्हरं, कान कोरायच्या सळ्या, आणि मधोमध एका ट्रेमध्ये लिथियमचे सेल. लाल, निळे, केशरी, चकचकीत. अंगठ्याएवढे जाड आणि बोटाएवढे लांब. प्रत्येकावर आग, वीज नाहीतर वाघ अशा अर्थाचं काहीतरी इंग्रजी नाव आणि खाली ठळक आकडा: ९९०० एमएएच. इथे मात्र मला रोज नवल वाटत आलंय. टोमॅटोच्या तळाशी हात घालणारा तोच माणूस या गाडीपाशी आला की हात मागे बांधतो, आकडा वाचतो आणि पैसे काढतो. कधीकाळी बाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचे. ते बंद करून उघड लिलाव आणायला कायदा करावा लागला. सेलचा बाजार अजून रुमालाखालीच चालला आहे. फक्त इथे रुमाल प्लॅस्टिकचा असतो, सेलवर घट्ट बसवलेला, आणि त्यावरच भाव छापलेला.

पुण्यात राहणाऱ्याला वाटेल, एवढे टॉर्च घेतं कोण? मोबाइलचा दिवा आहे की. पण या गाडीचं गिऱ्हाईक पुण्यात राहत नाही. ते जुन्नर, आंबेगाव, शिरूर, पुरंदरहून माल घेऊन रात्री यार्डात येतं आणि मालाच्या हिशेबाची पट्टी घेऊन सकाळी परत जातं. शेतीपंपाची थ्री-फेज लाइन अजूनही कितीतरी गावांत पाळीपाळीनं येते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की दोन वाजता उठून दारं धरायला जायचं. बांधावर घोणस असू शकते, उसात बिबट्या. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे, यावरून त्या भागातली रात्र कशी असेल याचा अंदाज करावा. तिथे मोबाइलचा दिवा म्हणजे आपण कुठे उभे आहोत हे बिबट्याला कळवण्याची सोय. एका शेतकऱ्यानं त्या गाडीवाल्याला सांगताना मी ऐकलं, "बॅटरी जबर पायजे दादा. उसात डोळं चमकलं तर लांबनंच चमकलं पायजे. जवळ आल्यावर चमकून काय उपेग?"

तर अशा माणसाच्या हातात ९९०० चा सेल जातो.

आता त्या आकड्याचं बघू. या सेलला म्हणतात १८६५०. व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५ मिलिमीटर, आणि शेवटचं शून्य म्हणजे आकार गोल नळकांड्याचा. घराणं मोठं आहे. लिथियम-आयन सेल सोनीनं १९९१ मध्ये बाजारात आणला, आणि ज्यांच्या संशोधनावर तो उभा राहिला त्या तिघांना २०१९ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांतले गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. १८६५० मापाचा सेल पुढे लॅपटॉपमध्ये शिरला, आणि टेस्लाची पहिली गाडी, २००८ सालची रोडस्टर, असल्या ६८३१ सेलांवर धावली. म्हणजे हातगाडीवरच्या ट्रेमध्ये जे पडलंय ते नातं सांगायला गेलं तर थेट त्या मोटारीशी. नातं सांगायला काय जातं.

चांगल्या, नावाजलेल्या कंपनीच्या १८६५० सेलची क्षमता ३५०० मिलीअँपिअर-अवरच्या, म्हणजे एमएएचच्या, आसपास संपते. अलीकडे कुणी फार ताणून ४००० पर्यंत गेले आहेत. त्यापुढे नळकांड्यात जागाच नाही. ३.७ व्होल्टनं गुणलं तर ३५०० चे झाले सुमारे १३ वॉट-अवर, आणि सेलचं वजन ४५ ते ४९ ग्रॅम. ९९०० खरं धरलं तर त्याच वजनात साडेछत्तीस वॉट-अवर बसवावे लागतील, म्हणजे किलोला जवळजवळ आठशे. चांगल्यात चांगल्या सेलची मजल अडीचशेच्या थोडी पुढे. ज्याला हे जमलं असेल तो यार्डाच्या फाटकाबाहेर शंभर-सव्वाशे रुपयांना सेल विकत उभा राहिला नसता. नोबेल देणारी स्टॉकहोमची मंडळी त्याला हातगाडीसकट घेऊन गेली असती.

हे सगळं मी एकदा गाळ्यावर चहाच्या वेळी सांगितलं. शेठ म्हणाले, "दिवाणजी, वसुलीकडे लक्ष द्या." पण आमच्याकडचे हमालमामा ऐकत होते. त्यांनी आदल्याच रात्री त्या गाडीवरून लाल सेल घेतला होता, भोरकडच्या भावासाठी. त्यांनी तो खिशातून काढला. माझ्या ड्रॉवरमध्ये लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्या भाच्यानं दिलेला एक साधा, फिक्या हिरव्या वेष्टनाचा सेल होता, अंगावर फक्त २६०० लिहिलेला. मामांनी एक या तळहातावर घेतला, एक त्या. डोळे मिटले. ज्या माणसानं सगळं आयुष्य पाठीवर पोती घेतली आहेत त्याच्या तळहाताला काय कळतं हे आपल्यासारख्या लेखणी उचलणाऱ्यांना सांगून समजायचं नाही. शंभर किलोचं पोतं पन्नासावर यावं म्हणून हमाल पंचायतीनं आणि बाबा आढावांनी वर्षानुवर्षं भांडण केलं, ते उगीच नाही. मामांनी दोन्ही हात एकदा वर-खाली केले आणि लाल सेल माझ्या वहीवर ठेवला.

"ह्यो पोकळ हाय."

मसाल्याच्या गाळ्यावर एक छोटा इलेक्ट्रॉनिक काटा असतो. वेलदोडे, लवंग, जायपत्री असल्या महागाच्या वस्तूंचे नमुने त्यावर होतात. वैधमापनवाले दरवर्षी येऊन त्याला शिक्का मारून जातात, तेव्हा त्याच्या शब्दाला किंमत आहे. हिरवा सेल ठेवला: ४६ ग्रॅम. लाल ठेवला: २९. मामांनी काट्याकडे बघितलंसुद्धा नाही, चहा पीत राहिले.

आत काय असतं मग? काही सेलांत खरा पण छोटा सेल बसवलेला असतो आणि भोवती मोकळी जागा. काही हुशार कारखानदारांना वजनाची ही परीक्षा आधीच माहीत आहे. ते मोकळ्या जागेत वाळू किंवा कसलीशी पांढरी पूड भरतात. हे ऐकून आमच्या शेठनी पहिल्यांदाच या विषयात रस घेतला. धान्यात खडे घालणाऱ्यांची एक सबंध परंपरा त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली आहे. "म्हणजे धंदा तोच," ते म्हणाले, "फक्त पोत्याला भोक पाडून बघायची सोय नाही." नाही, आणि पाडूही नये. लिथियमचा सेल कापायला, ठोकायला किंवा भोसकायला गेलं तर तो आतून पेटतो, आणि विझवताना नाकी नऊ येतात.

वजन भरलं म्हणजे सेल चांगला, असंही नाही. तिसरी जात आहे ती मेलेल्या लॅपटॉपमधून निघालेली. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीत असे सहा-आठ सेल असतात. त्यांतले एक-दोन गेले की सगळी बॅटरी टाकून देतात, बाकीचे धापा टाकत का होईना जिवंत असतात. ते सुटे करून, नवं रंगीत वेष्टन चढवून बाजारात येतात. वजनाला अगदी बरोबर, पंचेचाळीसच्या वर. त्यांना ओळखायचं असेल तर बूड बघावं. लॅपटॉपमध्ये हे सेल निकेलच्या पट्टीनं एकमेकांना जोडलेले असतात, आणि पट्टी ओढून काढली की बुडावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे राहतात, जोडीजोडीनं. कधी त्यावर कानस फिरवलेली असते. मग बूड ओरखडलेलं दिसतं. नव्या सेलचं बूड कोरं असतं. जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी असा सेल कुणी जुना म्हणून विकला तर माझं काही म्हणणं नाही. पण जुन्याला नवं वेष्टन घालून वर ९९०० म्हणायचं, ही जरा जास्तच हौस झाली.

माणसं मल्टिमीटर लावून बघतात, त्यांचं मला कौतुक वाटतं आणि कीवही येते. दोन-तीनशे रुपयांना तो पिवळा मीटर मिळतो. चार्ज केलेल्या सेलला लावला की ४.२ व्होल्ट दाखवतो, आणि माणूस खूश होतो. पण पोकळ सेलही ४.२ च दाखवतो. व्होल्टेजच्या बाबतीत तो लबाडी करतच नाही, लबाडी आहे ती साठ्याची. मीटरचा उपयोग दोनच ठिकाणी. एक, विकत घेतानाच सेल दोन व्होल्टच्या खाली असेल तर तो परत ट्रेमध्ये ठेवावा. इतका खाली गेलेला सेल आतून बिघडलेला असतो आणि त्याला चार्ज करणं धोक्याचं. दोन, पूर्ण भरून महिनाभर फडताळात ठेवून द्यायचा आणि मग बघायचं. चांगला सेल ४.१ च्या आसपास राहतो. काहीही न करता बसल्या जागी जो खाली जातो तो रात्री दारं धरायला न्यायच्या लायकीचा नाही.

खरी परीक्षा घड्याळाची. आमच्या गाळ्यामागे पोती रचलेली अंधारी खोली आहे. तिथे एकसारखे दोन टॉर्च भिंतीकडे तोंड करून लावले, एकात हिरवा आणि एकात लाल. दोन्ही पूर्ण भरलेले, दोन्हीचा झोत मधल्या पायरीवर, कारण सगळ्यात वरच्या पायरीवर बरेच टॉर्च तापले की आपले आपणच मंद होतात आणि हिशेब बिघडतो. मी रोजमेळाच्या शेवटच्या पानावर वेळ टिपायला बसलो. लाल सेलचा प्रकाश सुरुवातीपासून मंदच होता. पाऊण तासात तो भिंतीवर पुसट ठिपका होऊन बसला. हिरवा अडीच तास चालला, मध्ये दोनदा शेठ येऊन "वीज कुणाची?" विचारून गेले तरी चालला. मग त्रैराशिक. अडीच तासाला २६०० तर पाऊण तासाला किती? सातशे ऐंशी. ९९०० पैकी सातशे ऐंशी, म्हणजे रुपयात आठ पैसे. इतकी कमी वसुली मी आमच्या सर्वांत नाठाळ गिऱ्हाइकाकडूनही कधी केलेली नाही.

सरकारचा शिक्का नसतो का, असं कुणी विचारेल. असतो. लिथियम सेलना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे, आयएस १६०४६ खाली, आणि त्यावर आर अक्षरानं सुरू होणारा नंबर छापलेला असावा लागतो. तो नंबर बीआयएस केअर नावाच्या अ‍ॅपवर घालून तपासता येतो. नंबरच नसेल तर पुढे जावं हे बरं. मात्र ती परीक्षा सेल पेटू नये म्हणून असते. रात्री किती वेळ उजेड देईल हे ती सांगत नाही, त्यामुळे नंबर बघून झाल्यावर आपला तळहात आणि घड्याळ आहेतच.

यात हातगाडीवाल्याला दोष द्यायला मी तयार नाही. पोरगा हुशार आहे. एकदा मी त्याला विचारलं, "कमी आकड्याचा नाही का रे? दोन हजार, बावीसशे?" त्यानं माझ्याकडे नीट बघितलं, मग गाडीखालच्या खोक्यातून एक साधासा सेल काढून दिला. निस्तेज करडा, अंगावर २२०० लिहिलेला, हातात घेतल्यावर भरीव. म्हणाला, "काका, हा वर ठेवला तर कुणी घेत नाही. म्हणतात, जुना माल आहे, बावीसशेच आहे. बाजूला बारा हजारवाला ठेवलाय, तो बघा कसा जातो." टोमॅटोच्या क्रेटमध्ये चांगला माल वर आणि वाईट तळाशी, या पोराच्या गाडीवर बरोबर उलटं. गिऱ्हाइकाला जे आवडतं ते वर, जे चालतं ते खाली. यार्डाचा सगळा अनुभव तळाशी हात घालायला शिकवतो, पण इथे तळाशी काही असेल असं कुणाला वाटतच नाही.

स्वस्तातला सेल घेऊच नये, असं माझं मुळीच म्हणणं नाही. कांद्याच्या लिलावात मोठा, मध्यम, गोल्टी असे ढीग वेगळे लागतात, आणि गोल्टी म्हणजे वाईट कांदा नव्हे. रोजच्या आमटीला गोल्टीच लागते. सेलच्या कारखान्यातही निवडानिवड होते. एकसारखे, सरस ठरलेले सेल मोटारींना जातात, किंचित कमी भरलेले खालच्या कामांना. टॉर्चला त्यातला खालचा चालतो. टॉर्चला काही गाडी ओढायची नाही. अडीचशे-तीनशेच्या आतबाहेर, अंगावर दोन-अडीच हजाराचा नम्र आकडा आणि काट्यावर पंचेचाळीस ग्रॅम, एवढ्यात रात्र निभते. विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीत जाऊन नेमकं विचारलं तर असा माल मिळतो. नेमकं विचारायचं धैर्य मात्र हवं, कारण त्या गल्लीत अडाणी प्रश्नाला दुकानदार उत्तर न देता पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. एक मात्र मी ताडून पाहिलेलं आहे. सेलवरचा आकडा जितका लहान तितका तो खरा असण्याची शक्यता जास्त. माणसांच्या बाबतीत हा नियम लावून बघायचा मोह होतो, पण आमचे शेठ हे वाचण्याची शक्यता आहे.

जुन्या स्टीलच्या टॉर्चवर वाढलेल्या पिढीला मात्र काही सवयी सोडाव्या लागतील. आमच्या लहानपणी संपलेले सेल उन्हात वाळत घातले की अजून दोन रात्री चालायचे, त्यामुळे पत्र्यावर पापडांशेजारी सेल असत. लिथियमला ऊन दाखवायचं नाही. खिशात किल्ल्यांबरोबर सुटा सेल ठेवायचा नाही. किल्लीनं दोन्ही टोकं जोडली की मांडी भाजते. टॉर्चबरोबर फुकट मिळणारा चार्जर ४.२ व्होल्टवर थांबतो की नाही याची खात्री नसेल तर रात्रभर लावून झोपायचं नाही. आमच्या गाळ्यावर तर शेठनी गोणपाटाच्या थप्प्यांजवळ चार्जिंगला कायमची बंदी घातली आहे, माझ्या प्रयोगानंतर लगेच. आणि मेलेला सेल कचऱ्यात टाकला तर तो वेचणाऱ्या बाईच्या हातात किंवा गाडीच्या दाबयंत्रात फुटू शकतो. २०२२ च्या नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करायची जबाबदारी बनवणाऱ्यांवर टाकली आहे. वाघाचं नाव लावणारा बनवणारा कुठल्या गावी शोधायचा, हा प्रश्न राहतोच.

मामांच्या तळहाताची कीर्ती मात्र पसरली. संध्याकाळी टेम्पोवाले, रखवालदार, फुलबाजारातली पोरं सेल घेऊन गाळ्यावर यायला लागली. "मामा, बघा जरा." मामा बघायचे आणि दोनच शब्दांत निकाल द्यायचे, भरीव किंवा पोकळ. ज्याला पटायचं नाही त्याला मी काट्यावर दाखवायचो. शेठ वैतागले. यार्डात हमाली आहे, तोलाई आहे, मग या फुकटच्या तोलाईचा हिशेब कोण देणार, असं त्यांनी दोनदा मोठ्यानं विचारलं. पण तिसऱ्या दिवशी त्यांनीच घरून नातवाच्या टॉर्चमधला सेल आणला, कागदात गुंडाळून, कुणी बघत नाही असं बघून काट्यावर ठेवला, आणि परत कागदात गुंडाळला. किती भरला ते त्यांनी सांगितलं नाही. त्या दिवशी वसुलीबद्दलही ते काही बोलले नाहीत.

हातगाडीवाल्या पोरानं मग स्वतःच एक छोटा काटा आणला. लाल-निळे अजून आहेत, पण करडे सेल आता वरच्या ट्रेमध्ये आले आणि त्यांची किंमत तीस रुपयांनी चढली. परवा गाळा बंद करून बिबवेवाडीकडे निघालो तर शिरूरकडचा एक शेतकरी गाडीपाशी उभा होता. पोरानं करडा सेल काट्यावर ठेवून दाखवला. ४६ ग्रॅम. "दोनशे तीस रुपये," पोरगा म्हणाला.

"वजनावर देतोय न्हवं? मग किलोचा भाव सांग," शेतकरी म्हणाला.

पोरानं मोबाइलवर हिशेब केला. "पाच हजार."

शेतकऱ्यानं सेल ट्रेमध्ये परत ठेवला, टोपी सारखी केली, यार्डाच्या फाटकापाशी आपल्या टेम्पोत भरलेल्या क्रेटांकडे एकदा बघितलं, आणि तोच सेल पुन्हा उचलून तळहातावर झुलवत म्हणाला, "चाळीस कमी कर. पट्टी हातात पडायचीय अजून."